वडिलांसाठी वृद्धाश्रम बघतोय (रत्नागिरी जिल्हा), तिथली काळजी खरंच चांगली आहे हे ओळखायचं कसं?

खळ्यातला_चाकरमानी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय इथे, आज विचारायची वेळ आली. बाबा ८१ वर्षांचे, पार्किन्सन्स आहे, आई गेल्यापासून दापोली तालुक्यात गावच्या घरी एकटेच असतात. आमच्या वाडीत गणपतीला नि शिमग्याला पाय ठेवायला जागा नसते आणि बाकी वर्षभर तीन घरांत चूल पेटते, त्या तिन्ही घरांतली माणसं बाबांच्याच वयाची. शेजारच्या काकी डबा देतात पण त्याच आता गुडघ्यांनी बेजार झाल्यात. डोंबिवलीला आणून बघितलं, चौथा मजला, लिफ्ट नाही, दिवसभर खिडकीला चिकटून बसायचे आणि रात्री म्हणायचे मला घरी सोड. गावी माणूस ठेवला तर तो शिमग्याला म्हणून गेला तो आलाच नाही, दुसरा बाबांना उठवायचं सोडून मोबाइलवर रील बघत बसायचा.

तर आता बाबा स्वतःच म्हणतायत की कुठेतरी बघ, पण कोकणातच बघ. दोन ठिकाणं नक्की केलीत. एक रत्नागिरीच्या बाजूला, नवीन तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट, बाग, गच्चीवरून समुद्र दिसतो, महिना २८ हजार. दुसरं देवरुखकडे, ट्रस्टचं, बैठी कौलारू इमारत, जुने लोखंडी पलंग, महिना १५ हजार. पुण्याचा भाऊ म्हणतो पहिलंच घे, पैशाचं बघू. बायको म्हणते दुसरं, कारण तिथली माणसं एकमेकांशी बोलत होती. मला दोन्ही पटतं आणि दोन्ही पटत नाही. बघायला गेलं की सगळीकडे चहा मिळतो, भिंतीवर वाढदिवसाचे फोटो असतात, मॅनेजर गोड बोलतो. पण आपण गेल्यावर पाठीमागे काय होतं ते बाहेरच्या माणसाला कळणार कसं? ज्यांनी कोणाला ठेवलंय किंवा जे अशा ठिकाणी काम करतात त्यांनी सांगा प्लीज.

आडिवऱ्याचा

राग मानू नका पण एवढं मोठं घर आहे, खळं आहे, मग २८ हजार आश्रमाला द्यायचे त्यात गावातल्याच दोन बायका दिवस-रात्र मिळतील की. आमच्या आजीला आम्ही शेवटपर्यंत घरीच सांभाळलं.

निवृत्त_सिस्टर

आडिवऱ्याचे दादा, आजीला सांभाळलं तेव्हा घरात किती सुना होत्या ते पण लिहा की. 🙂 त्या बाईंचा पगार कोण देणार यापेक्षा ती आली नाही त्या दिवशी कोण उठवणार हा प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर मुंबईत बसून देता येत नाही.

चाकरमानी, सरकारी दवाखान्यात नोकरी झाली माझी, वॉर्डात आयुष्य गेलं, त्यानंतर काही काळ एका आश्रमात पण काम केलं (नाव नाही सांगत). मी काय बघते ते सांगते, क्रम वगैरे काही नाही, आठवेल तसं लिहिते.

बिल्डिंग बघू नका असं नाही म्हणणार, संडासात दांडा आहे का, फरशी घसरते का, रात्री पॅसेजमध्ये दिवा असतो का हे बघाच, पार्किन्सन्सचा माणूस पडतो तो बहुतेक उठताना, वळताना आणि संडासच्या वाटेवर. पण चांगल्या चालत्याबोलत्या आजोबांना बघून परत येऊ नका, ते कुठेही बरेच असतात. जो माणूस पलंगावरून उठूच शकत नाही त्याच्या खोलीत न्या म्हणावं. तिथे नाक सांगतं निम्मं. लघवीचा वास थोडा आला तर समजू शकतो, जुना मुरलेला वास असेल तर डायपर वेळेवर बदलत नाहीत, आणि भसाभस फिनाइलचा वास येत असेल तर तुम्ही येणार हे त्यांना आधी माहीत होतं.

मग पाण्याचा ग्लास कुठे आहे बघा. टेबलावर आहे पण टेबल हाताच्या अंतरावर आहे का? बेल आहे का, असेल तर स्वतः वाजवा आणि घड्याळ बघत बसा. नखं बघा, कानामागे बघा, दातांची कवळी कुठे ठेवलीय बघा. टाचा बघा, त्या चादरीबाहेर असतातच बहुतेक. झोपून राहणाऱ्याला जखम पहिल्यांदा माकडहाडावर, खुब्यावर नि टाचेवर होते, आधी नुसता लाल डाग दिसतो, बोटाने दाबून सोडल्यावर तो पांढरा पडला नाही की समजायचं सुरुवात झाली. पण दुसऱ्या कोणाचं पांघरूण काढून बघायला जाऊ नका हं, त्यांनाही लाज असते. त्यापेक्षा विचारा, आत्ता तुमच्याकडे किती जणांना बेडसोर आहे, त्यातले किती हॉस्पिटलमधून किंवा घरून घेऊन आले आणि किती इथे झाले. या प्रश्नावर समोरचा कसा बोलतो तेवढ्यावर मला बरंच कळतं.

कूस बदलण्याचा तक्ता पलंगाला लटकवलेला असतो, दर दोन तासांनी सही करायची असते. तो हातात घेऊन बघा. मी एका ठिकाणी सकाळी अकराला गेले तर दुपारी चारपर्यंतच्या सह्या झालेल्या, एकाच पेनाने, एकाच वळणाच्या. तिथून मी चहा न घेता निघाले.

आणि तुमच्या बाबांसाठी खास. पार्किन्सन्सची गोळी, सिंडोपा किंवा जे काही लेव्होडोपा चालू असेल ते, घड्याळाच्या काट्यावर द्यावी लागते. सकाळी-दुपारी-रात्री असं चालत नाही. अर्धा तास उशीर झाला की माणूस लाकूड होतो, मग भरवता येत नाही, संडासला नेता येत नाही, आणि स्टाफ म्हणतो आजोबा आज सहकार्य करत नाहीयेत. जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी द्यायची, डाळ-दूध-अंडं यातल्या प्रोटीनने तिचं शोषण अडतं. आश्रमात औषधाची ट्रॉली जेवणाबरोबर फिरते, म्हणून हे आधीच विचारा की याला वेगळी वेळ पाळणार का. दुसरं म्हणजे उलटी झाली की पटकन पेरिनॉर्म देतात, आणि रात्री ओरडतात म्हणून हॅलोपेरिडॉल. ही दोन्ही पार्किन्सन्सच्या माणसाला चालत नाहीत, कडकपणा वाढतो. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा आणि नर्सला वाचून दाखवायला लावा. तिने जर विचारलं की हॅलोपेरिडॉल का नको, तर ती चांगली नर्स आहे.

कुडाळकार

सिस्टरांनी बरोबर सांगल्यानी. माझो मामा हयसर एका आश्रमात आसा. मी एकच सांगतंय, थंय गेल्यार ऑफिसात बसा नको, सरळ रांदपाघरात जावा आनि रांदपिणीक इचारा, काल राती कोण कोण जेवूक नाय. तिका सगळा म्हायत असता, ऑफिसातल्याक कायएक म्हायत नसता.

मामाक थंय बांगडो गावना नाय म्हणान अर्ध्या ताटार उठायचो. वजन उतारला तेवा खरो प्रकार कळलो. आता बुधवारी मासे मिळतत, म्हातारो खूश.

निवृत्त_सिस्टर

कुडाळकार 👌 वजनाचं राहिलंच लिहायचं. दर महिन्याला वजन करतात का आणि वही दाखवतात का हे विचारा. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के उतरलं की धोक्याची घंटा, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो. आजार नसताना एवढं उतरतं ते बहुतेक भरवायला वेळ नसतो म्हणून. पार्किन्सन्सवाल्याला एक वाटी पेज भरवायला अर्धा तास लागतो, गिळताना ठसका लागतो, मान थोडी पुढे झुकवून सावकाश भरवावं लागतं. म्हणून जेवणाच्या वेळेला जा, न सांगता, शक्यतो रविवारी संध्याकाळी सात-साडेसातला. रविवारी रात्री जो स्टाफ असतो तोच खरा स्टाफ.

सध्या_लीड्समध्ये

मी मूळची गुहागरची, इथे इंग्लंडमध्ये केअर होममध्ये काम करते. इथे सीक्यूसी म्हणून सरकारी संस्था आहे, ती येऊन तपासते आणि पाच गोष्टींवर शेरा देते: सुरक्षित आहे का, उपयोग होतो का, आपुलकी आहे का, माणसाच्या गरजेप्रमाणे वागतात का, आणि चालवणारे नीट चालवतात का. उत्कृष्ट, चांगलं, सुधारणा हवी, अपुरं असे चार शेरे, आणि ते दाराशी नि वेबसाइटवर लावावेच लागतात. आपल्याकडे असा रिपोर्ट घरी बसून वाचायला मिळत नाही, त्यामुळे तुम्हालाच ते काम करायचंय, पण त्या शेऱ्यांवर पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका, चांगलं मिळालेलं होम वर्षभरात मॅनेजर बदलला की घसरतं हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मला खरं सांगायचंय ते वेगळं. १९६६ साली डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरांनी काळजीचा दर्जा तीन बाजूंनी बघायला सांगितलं होतं, रचना, प्रक्रिया आणि परिणाम. तुमच्या भावाने रचना बघितली (लिफ्ट, पलंग, बाग). सिस्टर सांगतायत ती बरीचशी प्रक्रिया, म्हणजे वेळेवर कूस बदलली का, गोळी दिली का. आणि वजन, बेडसोर, पडणं हे परिणाम. सगळ्यांना वाटतं परिणामाचे आकडे मिळाले की झालं, पण ते आकडे फसवतात. ज्या होममध्ये एकालाही बेडसोर नाही तिथे अंथरुणाला खिळलेल्यांना घेतच नसतील, किंवा झाला की हॉस्पिटलला पाठवून परत घेत नसतील. आणि जिथे लोक जास्त पडतात तिथे कदाचित त्यांना चालू देत असतील! कोणालाच पडू द्यायचं नसेल तर सोपा उपाय आहे, खुर्चीला बांधा नाहीतर झोपेची गोळी द्या. सकाळी अकरा वाजता अख्खा हॉल पेंगत असेल तर तिथे शांतता आहे असं समजू नका.

म्हणून मी तर किती पडले हे विचारण्याआधी पडल्याची वही आहे का हे विचारते. प्रत्येक ठिकाणी म्हातारी माणसं पडतात. वहीत एकही नोंद नसेल तर ती वही लिहिलीच जात नाही. आणि नोंद असेल तर शेवटच्या दोन-तीन वाचा, त्यानंतर त्यांनी काय बदललं ते विचारा. चप्पल बदलली, दिवा लावला, रात्री दोन वाजता स्वतःहून संडासला न्यायला लागले, असं काहीतरी ऐकू आलं पाहिजे.

खळ्यातला_चाकरमानी

बापरे, खूप आभार सगळ्यांचे. प्रिंट काढून ठेवलंय. ताई, ही वही मागितली तर ते दाखवतील? कोणाचं खाजगी वगैरे म्हणतील ना?

सध्या_लीड्समध्ये

नावं झाकून दाखवू शकतात. पूर्ण नकार मिळाला तर किमान तोंडी विचारा, शेवटचं कोण पडलं तेव्हा काय केलंत. तारीख-वेळ आठवत नसेल तरी गोष्ट आठवली पाहिजे.

वाशिष्ठीकाठी

सगळे आतलं सांगतायत, मी बाहेरचं सांगतो. चिपळूणला राहतो, २२ जुलै २०२१ चा पूर बघितलाय. देवरुखचं ते बैठं आहे म्हणता, जवळ नदी-ओढा आहे का, पाणी आलं तर न चालणाऱ्या माणसांना कुठे नेणार हे विचारा, आणि उत्तर देताना मॅनेजर वर बघायला लागला तर समजून जा. तीन मजल्यांच्या बिल्डिंगचं उलटं, लाइट गेली की लिफ्ट बंद, मग वरच्या मजल्यावरचा पेशंट खाली कसा आणणार? तुमच्या दापोलीला तर सांगायला नको, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यानंतर तिकडच्या गावांत किती दिवस अंधार होता ते तुमच्या बाबांनाच विचारा. बेडसोर होऊ नये म्हणून वापरतात तो एअर बेड (हवेची गादी) विजेवर चालतो, लाइट गेली की हळूहळू बसतो. इन्सुलिनवाले असतील तर फ्रिज. म्हणजे जनरेटर आहे का एवढं विचारून भागत नाही, डिझेल किती ठेवता आणि शेवटचा कधी चालवला हे विचारायचं.

पावसाळ्यात अजून एक. चादरी कुठे वाळतात? हसू नका, आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपडा वाळत नाही, रोज ओल्या होणाऱ्या वीस चादरी म्हणजे रोज वीस चादरी वाळवायच्या. दमट चादरीवर झोपवलं की मांड्यांत, काखेत बुरशी होते, खाजवून खाजवून जखमा. आमच्या काकांना झालं होतं. ड्रायर किंवा निदान पत्र्याखाली मोठी जागा बघा. जुलैत बघायला गेलात तर बरं, मे महिन्यात सगळे आश्रम छान दिसतात.

आणि रात्री इमर्जन्सी आली तर कुठे नेतात ते पण. १०८ येते पण घाटातल्या गावात किती वेळात येते? त्यांची स्वतःची गाडी आहे का, ड्रायव्हर रात्री तिथेच झोपतो का. तुमच्या देवरुखवाल्यांना सावर्ड्याजवळचं डेरवणचं हॉस्पिटल आणि रत्नागिरीचं सिव्हिल, दोन्ही लांबच पडणार.

आडिवऱ्याचा

बरं, माझं मत थोडं बदललं. एक ॲड करतो, कागद नीट वाचा. डिपॉझिट किती, माणूस महिन्यात परत घरी आला तर किती परत मिळणार, हॉस्पिटलमध्ये असताना महिन्याचे पैसे चालू राहणार का, डायपर-औषधं-डॉक्टर त्यात आहेत की वेगळे. आमच्या ओळखीत एकांना १८ हजार सांगितले आणि बिल यायचं २७ चं. आणि कोणी घर-जमीन नावावर करून द्या म्हणाला तर तिथल्या तिथे उठायचं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम २३ आहे, सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर परत मागता येते, प्रांताधिकाऱ्यांसमोर ट्रिब्युनल असतं. पण ती अट कागदावर असायला हवी आणि मुळात त्या वाटेला जायचंच कशाला. कुठे काही त्रास वाटला तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे, फुकट आहे.

खळ्यातला_चाकरमानी

अपडेट देतोय. दोन्हीकडे परत जाऊन आलो, रविवारी, न सांगता. भाऊ पण होता.

रत्नागिरीवाल्यांकडे साडेसहाला पोचलो. वॉचमनने वीस मिनिटं बसवलं, मग मॅनेजर फोनवर, "उद्या या ना, नीट दाखवतो." शेवटी आत सोडलं. स्वच्छता एकदम चकाचक, नाव ठेवायला जागा नाही. दोन नर्स होत्या, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या, रात्री पण एक असते. पण वर तिसऱ्या मजल्यावर न्यायला तयार नव्हते, "ते सिरियस पेशंट आहेत, डिस्टर्ब होतात." पडल्याची वही विचारली तर म्हणाले आमच्याकडे कोणी पडतच नाही सर, सीसीटीव्ही आहे. भाऊ तिथेच माझ्याकडे बघून हसला. गोळीच्या वेळेचं विचारलं तर नर्सने व्यवस्थित उत्तर दिलं, तिला पार्किन्सन्सची माहिती होती, हे मात्र मानलं.

देवरुखला पोचेपर्यंत उशीर झाला, साडेआठ, जेवणं आटोपत आली होती. एक मावशी एका आजींना नाचणीची पेज भरवत होत्या, आम्ही आलो म्हणून उठल्या नाहीत, "बसा, एवढी वाटी होऊदे" म्हणाल्या. आजी तोंड फिरवायच्या, मावशी थांबायच्या, काहीतरी त्यांच्या माहेरच्या गावाचं बोलायच्या, मग परत चमचा. आम्ही बघत होतो ती एक वाटी वीसेक मिनिटं चालली होती. वही मागितली तर कपाटातून जाड लाँगबुक काढलं, कडा ओल लागून फुगलेल्या. नाव झाकून एक नोंद वाचायला दिली: रात्री २.४० ला संडासला जाताना उंबऱ्याला अडखळले, कपाळाला खोक, ड्रेसिंग केलं, २.५५ ला मुलाला फोन, सकाळी टाके. त्याखाली वेगळ्या पेनाने, उंबरा फोडून उतार करून घेतला. जाऊन बघितलं, खरंच सिमेंटचा उतार आहे, ओबडधोबड.

पण आता गंमत बघा. देवरुखला रात्री २२ माणसांना एकच मावशी. नर्स फक्त दिवसा. डॉक्टर आठवड्यातून एकदा. जनरेटर नाही, इन्व्हर्टर आहे. बाबांना रात्री दोनदा-तीनदा उठवावं लागतं. गोळीची वेळ पाळू म्हणाले पण पहाटे सहाची गोळी नेमकी मावशींच्या सगळ्यात धावपळीच्या वेळेला येते. म्हणजे मन तिकडे आणि अक्कल इकडे असं झालंय.

निवृत्त_सिस्टर

२२ ला एक म्हणजे फार कमी हो, त्यातले अंथरुणावरचे किती आहेत ते पण बघा. चार असतील तर त्या मावशीची रात्र फक्त त्यांच्या कुशी बदलण्यातच जाणार. मावशी कितीही चांगल्या असल्या तरी पहाटे चारला माणूस थकतोच.

पण दोन ठिकाणांत १३ हजारांचा फरक आहे. त्या पैशात ट्रस्टशी बोलून रात्रीची दुसरी मावशी ठेवता येते का बघा. अजून एक-दोन घरं तयार झाली तर प्रत्येकाला थोडंच पडेल. मावशी सगळ्यांसाठी ठेवायला सांगा, फक्त तुमच्या बाबांसाठी ठेवली तर बाकीचे म्हातारे बघत राहतात आणि स्टाफमध्ये कुरबुर होते. पहाटेच्या गोळीसाठी डॉक्टरांना विचारा वेळ पाच किंवा साडेसहा करता येते का, ते करून देतात पुष्कळदा. स्वतःहून नका बदलू.

सध्या_लीड्समध्ये

सहमत. स्टाफ वाढवता येतो, उंबरा फोडायची बुद्धी बाहेरून आणता येत नाही. तरी आधी महिनाभरासाठी तात्पुरतं ठेवून बघा, डिपॉझिट न देता. बाबांची जायच्या दिवशीची वजनाची नोंद, अंगावर कुठे काही नाही याचे फोटो, किती पावलं स्वतः चालतात, स्वतः जेवतात का, सगळं लिहून ठेवा. महिन्याने त्याच गोष्टी परत बघा. आणि बाबांना काय वाटतं ते त्यांना एकट्याला, खोलीच्या बाहेर, झाडाखाली बसवून विचारा, स्टाफसमोर सगळेच छान आहे म्हणतात.

कुडाळकार

आनि मासे कधी गावतत ता इचारलात?

खळ्यातला_चाकरमानी

😄 इचारलंय. देवरुखला महिन्यातून दोनदा, तेही कोणाच्या घरून आले तर. बाबा म्हणाले चालेल, सोलकढी रोज असली पाहिजे.

ट्रस्टच्या लोकांशी शनिवारी बोलणार आहे रात्रीच्या मावशीबद्दल, अजून एका आजोबांची मुलगी अर्धा वाटा उचलायला तयार आहे. जनरेटरसाठी वाशिष्ठीकाठी, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय, सेकंडहँड कुठे बघायचा ते सांगा. आणि देवरुख-संगमेश्वर भागात आश्रमात येऊन व्यायाम घेणारे फिजिओ कोणाला माहीत असतील, पार्किन्सन्सचा अनुभव असलेले, तर कृपया कळवा.